खेळाचा तास आणि सेविकेचे वेतन

तीन ते सहा वर्षांच्या मुलांनी शिकावे कसे, हा प्रश्न निघाला की राजकीय कार्यकर्त्याच्या चेहऱ्यावर एक सौम्य कंटाळा उमटतो. बालवाडी, मातीकाम, गाणी, ठोकळे हा महिला आघाडीने सवडीने पाहावयाचा विषय. शिक्षणाचा ‘खरा’ प्रश्न म्हणजे शाळांचे खाजगीकरण, शिक्षकभरती, शिष्यवृत्त्या आणि महाविद्यालयांची शुल्के, अशी वाटणी मनातल्या मनात केव्हाच होऊन गेलेली असते. ही वाटणी चुकीची आहे, आणि ती समाजवादी म्हणविणाऱ्यांनी करावी हे अधिकच चुकीचे आहे. पहिलीच्या वर्गाचा उंबरठा ओलांडताना मुले सारखी नसतात. कोणाचा हात पेन्सिल धरण्यास तयार असतो, कोणाच्या जिभेवर प्रश्न असतो, कोणाला ‘पाच’ म्हणजे काय हे हाताने ठाऊक असते; आणि कोणाला यांपैकी काहीच मिळालेले नसते. पुढे सारे आयुष्य ज्याला ‘गुणवत्ता’ म्हणून गौरविले जाते, तिची पहिली वाटणी येथेच होऊन जाते.

ह्या वयाची मुले आज तीन ठिकाणी वाटली गेली आहेत. सधनांच्या वस्तीत वाळूचा हौद, लाकडी ठोकळे, मातीकामाचे मेज आणि थोड्या मुलांमागे एक शिक्षिका असलेली बालशाळा आहे. तिच्या माहितीपत्रकावर ‘खेळातून शिक्षण’ हे शब्द ठळक छापलेले असतात आणि त्यांची किंमत शुल्कात चुकती केलेली असते. कनिष्ठ मध्यमवर्गाच्या गल्लीत भाड्याच्या खोलीतली ‘इंग्लिश मीडियम केजी’ आहे. तेथे साडेतीन वर्षांचे मूल चौकटीच्या वहीत आकडे गिरवते. आणि श्रमिकांच्या वस्तीत व पाड्यावर अंगणवाडी आहे. तेथे खिचडी मिळते, वजन घेतले जाते, नोंदी भरल्या जातात आणि वेळ उरलाच तर एखादे गाणे होते. खेळातून, हाताने करून शिकण्याची पद्धत ज्यांच्यासाठी जन्मली, त्यांच्यापर्यंतच ती पोहोचत नाही, आणि ज्यांना ती विकत घेता येते त्यांच्या घरी ती प्रतिष्ठेची खूण होऊन बसली आहे.

गरिबांच्या दारी जन्मलेली पद्धत

ही केवळ आलंकारिक तक्रार नव्हे. इतिहास तसाच आहे. ‘किंडरगार्टन’ हा शब्द फ्रीड्रिख फ्रोबेलने १८४० साली रूढ केला. लोकरीचे रंगीत चेंडू, लाकडाचा गोल, घन आणि दंडगोल अशी साधने त्याने मुलांच्या हाती दिली. मुलाने स्वतः हाताळावे, रचावे, मोडावे आणि त्यातून शिकावे, एवढेच त्याचे म्हणणे. परंतु १८४८ ची क्रांती चिरडून टाकलेल्या प्रशियाच्या सरकारला एवढेही धोक्याचे वाटले. बालोद्यान हा फ्रोबेलच्या समाजवादी पद्धतीचा भाग असून तो तरुण पिढीला नास्तिकतेकडे नेतो, असे कारण देऊन १८५१ साली सरकारने बालोद्यानांवर बंदी घातली. ती उठली १८६० साली. फ्रोबेल तत्पूर्वीच, १८५२ मध्ये निवर्तला होता. त्याच्या पुतण्याच्या एका पुस्तिकेमुळे सरकारची गल्लत झाली असे इतिहासकार सांगतात. गल्लत झाली असेल. पण स्वतःच्या हाताने तपासून पाहण्याची सवय लागलेले मूल पुढे निमूटपणे हुकूम पाळणार नाही, हे त्या सरकारला बरोबर उमगले होते.

मारिया माँतेसोरीचे पहिले बालगृह ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेन्झो या कामगारवस्तीत उघडले. आईबाप कामावर गेले की मागे राहिलेली मुले चाळीच्या भिंती आणि जिने खराब करतात, ही इमारतींच्या मालक-कंपनीची अडचण होती आणि जागा त्या कंपनीने दिली. मुलांचे कल्याण हा मालकांचा मूळ हेतू नव्हता. तरी त्या खोल्यांतून निष्पन्न झाले ते मात्र मालकांच्या हिशेबापलीकडचे होते.

आपल्याकडे गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केले. ताराबाई मोडक तेथेच घडल्या आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. ताराबाईंचे खरे मोठेपण त्यापुढचे आहे. माँतेसोरीची साधने महाग, ती शहरातल्या सुखवस्तू मुलांपुरती राहतात, हे ओळखून त्यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ तेथेच त्यांना येऊन मिळाल्या, आणि काही वर्षांनी हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. दलित वस्तीतील व आदिवासी पाड्यांवरील मुले बालवाडीकडे येत नाहीत असे दिसल्यावर मुलांना दोष न देता बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरली. शंख, शिंपले, बिया, पाने, खडे, माती, काड्या ही साधने झाली. ज्या वारली मुलाला दुकानातील खेळणे कधी दिसणार नव्हते, त्याच्या भोवतालचे सारे रानच शैक्षणिक साहित्य ठरले. आज देशभर सरकारी कागदांवर असलेला ‘अंगणवाडी’ हा शब्द त्या अंगणाची आठवण देतो.

हाताने शिकणे म्हणजे काय

‘खेळ म्हणजे वेळ वाया’ असे मानणाऱ्यांसाठी ह्या शिक्षणाची रीत थोडी उलगडून सांगितली पाहिजे. चार वर्षांचे मूल एक ते वीस आकडे घडाघडा म्हणते, तेव्हा त्याला संख्या आली असे पालकांना वाटते. त्याच्यापुढे सहा चिंचोके जवळजवळ मांडले आणि खाली तेवढेच चिंचोके लांब-लांब मांडले, तर बहुतेक मुले ‘खालचे जास्त’ असे सांगतात. झाँ पियाजेने हे दाखवून दिले. बुटक्या पेल्यातले पाणी उंच पेल्यात ओतले की ते ‘वाढले’ असेच मुलाला वाटते. हा गैरसमज पाठांतराने जात नाही, छडीने तर नाहीच. तेच पाणी मुलाने स्वतः दहा वेळा इकडून तिकडे ओतले, चिंचोके एकास एक जुळवून पाहिले, पाटीवर मांडले, पुन्हा गोळा केले, की हळूहळू संख्या ही मांडणीहून वेगळी आहे हे त्याच्या ध्यानी येते. गणिताचा पाया हा असा हातातून डोक्यात जातो.

लेखनाचेही तेच. मातीचा गोळा मळणे, दोऱ्यात मणी ओवणे, कागद फाडून चिकटवणे, वाळूत बोटाने रेघ ओढणे यांतून बोटांच्या स्नायूंना बळ आणि नेमकेपणा येतो. तो येण्यापूर्वी पेन्सिल हाती देऊन अक्षरे गिरवून घेतली तर अक्षर वळत नाही, हात दुखतो आणि लिहिण्याची धास्ती बसते. भाषेचे तर अधिकच. भातुकली मांडलेल्या मुलांचे बोलणे ऐकावे. एक आई होते, एक दुकानदार, एक डॉक्टर. कोणी काय म्हणायचे याच्या अटी ठरतात, त्यांवरून भांडणे होतात, तडजोडी होतात. ‘जर-तर’ची भाषा, दुसऱ्याच्या जागी स्वतःला कल्पिणे, ठरलेला नियम स्वतःवर लादून घेणे हे सारे तेथे घडते. खेळताना मूल आपल्या वयाहून एक डोके उंच असते, असे सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ विगोत्स्की १९३३ साली सांगत होता. सेवा दलाच्या शाखेवर खेळलेल्या कार्यकर्त्याला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नसावी. जात विसरून एका फळीत उभे राहण्याचा पहिला धडा त्याला भाषणाने दिला नव्हता, खेळाने दिला होता.

मात्र येथे एक भाबडी समजूतही दूर केली पाहिजे. मुलांना मोकळे सोडले म्हणजे खेळातून शिक्षण झाले, असे नाही. कोणत्या मुलापुढे आज कोणती वस्तू ठेवावी, केव्हा प्रश्न विचारावा, केव्हा गप्प बसावे, कोणते मूल कोपऱ्यात एकटे आहे, हे सतत पाहणारे एक प्रशिक्षित माणूस तेथे लागते. चिंचोके फुकट मिळतात. ते माणूस फुकट मिळत नाही. या साऱ्या वादाचे अर्थकारण या एका गोष्टीत आहे.

वहीची बाजारपेठ

गल्लीतल्या केजीकडे धावणाऱ्या पालकांना मूर्ख ठरवण्याची सुशिक्षितांना फार हौस असते. ती अन्यायाची आहे. रिक्षाचालक किंवा घरकाम करणारी बाई पोटाला चिमटा घेऊन मुलाचे शुल्क भरते, तेव्हा तिच्यापुढचा हिशेब स्पष्ट असतो. चांगल्या नोकऱ्या मोजक्या आहेत, त्यांची वाट इंग्रजीतून जाते, आणि रांगेत मागे राहिलेल्याला कोणी वाली नाही. शिवाय शिक्षणाचा दर्जा ही डोळ्यांना दिसणारी वस्तू नव्हे. आपले मूल आज आकाराने लहान-मोठे ओळखू लागले, हे आईला कोठे दिसावे? भरलेली वही मात्र दिसते. गणवेश दिसतो, गृहपाठ दिसतो, पाहुण्यांपुढे म्हटलेली इंग्रजी कविता ऐकू येते. ज्या मालाची पारख गिऱ्हाइकाला करता येत नाही, त्या मालाच्या बाजारात वेष्टन विकले जाते, हा अर्थशास्त्रातला जुना सिद्धान्त आहे. केजीचा चालक वेष्टन विकतो, कारण खेळाच्या तासापेक्षा ते स्वस्त पडते. एका खोलीत चाळीस मुलांना वहीत डोके घालून बसवण्यास एक अप्रशिक्षित, तुटपुंज्या पगारावरची मुलगी पुरते. त्याच चाळीस मुलांना खेळवायचे तर जागा लागते, दुसरा हात लागतो, प्रशिक्षण लागते.

आणि ह्या व्यवहारात भाषेचा बळी जातो. खेळ स्वतःच्या बोलीतच होतो. परक्या भाषेत मूल ‘येस टीचर’ म्हणू शकते. भांडू शकत नाही, कारण विचारू शकत नाही, गोष्ट रचू शकत नाही. ज्या वयात प्रश्नांना बहर यावयाचा, त्या वयात मूल गप्प होते, आणि त्या गप्प बसण्याला शिस्त म्हटले जाते. ती शिस्त कोणाच्या सोयीची आहे, हे प्रशियाच्या मंत्र्याला विचारावे.

मानसेवी की अत्यावश्यक?

सरकारची भाषा मात्र आता सुधारली आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये तीन ते आठ वर्षांचा पायाभूत स्तर मानला गेला आणि तेथे खेळावर आधारलेल्या शिक्षणाचा पुरस्कार झाला. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्या स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला. फेब्रुवारी २०२३ मध्ये खेळणी, कोडी, बाहुल्या आणि चित्रफलक असलेली ‘जादुई पिटारा’ नावाची पेटी आली. मे २०२३ मध्ये ‘पोषण भी, पढाई भी’ ही घोषणा झाली आणि अंगणवाडीत रोज किमान दोन तास पूर्वप्राथमिक शिक्षण होईल असे सांगण्यात आले. यातील शिक्षणविचारात दोष काढण्यासारखे फारसे नाही. प्रश्न इतकाच की, हे दोन तास कोणाच्या दिवसातून येणार?

एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांनिशी सुरू झाली. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. सेवा सहा ठरल्या: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आहार व आरोग्य शिक्षण, आणि अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण. सेविका एक, तिला मदतनीस एक. गरोदर माता, स्तनदा माता, गृहभेटी, वजन-उंची, सर्वेक्षणे आणि २०२१ पासून ‘पोषण ट्रॅकर’वरील नोंदी हे सारे त्याच बाईने करावयाचे. आहाराचा आकडा वर जातो, वजनाचा आकडा वर जातो. चिंचोक्यांशी खेळलेल्या मुलाचा आकडा कोठेच जात नाही. ज्याची विचारणा होत नाही ते काम मागे पडते. त्यात सेविकेचा आळस शोधणे हा कृतघ्नपणा आहे.

आणि ह्या बाईला सरकार कर्मचारी मानत नाही. ती ‘मानसेवी’ आहे, तिला मिळते ते ‘मानधन’. केंद्राने १ ऑक्टोबर २०१८ पासून सेविकेचे मानधन दरमहा ३,००० वरून ४,५०० रुपये केले आणि मदतनिसाचे १,५०० वरून २,२५० रुपये. राज्ये त्यांत आपापली भर घालतात. महाराष्ट्रात ही भर वाढली ती कोणाच्या औदार्याने नव्हे. २०१७ साली सेविका संपावर गेल्या. ४ डिसेंबर २०२३ पासून त्यांनी पुन्हा ५० दिवसांच्या आसपास संप चालवला. मधल्या काळात, मार्च २०१८ मध्ये, राज्य सरकारने त्यांना ‘मेस्मा’ लागू केला आणि विधिमंडळात गदारोळ झाल्यावर त्याला स्थगिती द्यावी लागली. म्हणजे संप करावयाचा झाला की सेवा अत्यावश्यक, आणि पगार मागावयाचा झाला की सेवा ऐच्छिक! २५ एप्रिल २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सेविका-मदतनीस उपदानास पात्र असल्याचे स्पष्ट केले, आणि तेथे चालणारे पूर्वप्राथमिक शिक्षण हेही त्या विचारात घेतले. न्यायालयाला जे दिसले ते अर्थखात्याला दिसत नाही.

कायद्याची कहाणी तर याहून बोलकी आहे. घटनेच्या मूळ ४५ व्या अनुच्छेदाने दहा वर्षांत, चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंत सर्व बालकांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. त्याला खालची वयोमर्यादा नव्हती. तीन वर्षांचे मूलही त्यात होते. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण मूलभूत हक्क झाले म्हणून सगळीकडे आनंद व्यक्त झाला, पण तो हक्क सहा ते चौदा वयाचा झाला. सहा वर्षांखालील मुले हक्कातून निघून राज्याच्या ‘प्रयत्नां’त जाऊन बसली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या ११ व्या कलमात सरकार पूर्वप्राथमिक शिक्षणाची व्यवस्था ‘करू शकेल’ असे म्हटले आहे. ‘करील’ असे नाही. या एका क्रियापदात कोट्यवधी मुलांची तीन वर्षे अडकली आहेत.

परताव्याचे अर्थशास्त्र

बालशिक्षणाच्या बाजूने अलीकडे अर्थशास्त्रज्ञही बोलू लागले आहेत. अमेरिकेत मिशिगन राज्यातील इप्सिलांटी येथे १९६२ ते १९६७ या काळात पेरी बालशाळेचा प्रयोग झाला. गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतील १२३ मुलांपैकी ५८ मुलांना बालशाळेत घेतले, ६५ मुलांना घेतले नाही, आणि पुढे कित्येक दशके दोन्ही गटांचा मागोवा ठेवला. नोबेल पारितोषिक विजेते जेम्स हेकमन आणि त्यांचे सहकारी यांनी या खर्चावरील सामाजिक परतावा सालाना ७ ते १० टक्के काढला. आपल्याकडील चर्चासत्रांत हा आकडा आता मंत्रासारखा म्हटला जातो.

मंत्र म्हणणारे त्याच प्रयोगाची दुसरी बाजू सांगत नाहीत. तेथे साधारण सहा मुलांमागे एक शिक्षिका होती, ती पूर्ण प्रशिक्षित होती, आणि दर आठवड्याला मुलाच्या घरी जात होती. मुले स्वतः बेत आखत, तो पार पाडत आणि मग काय झाले ते सांगत. एवढा खर्च केला तेव्हा तो परतावा आला. परतावा पेरीचा हवा आणि खर्च मानधनाचा, हे कोणत्या अर्थशास्त्रात बसते?

त्याहून मूलभूत आक्षेप वेगळाच आहे. मुलाचे खेळणे सात टक्क्यांनी फायदेशीर आहे म्हणून मान्य करावयाचे, तर उद्या ते तीन टक्क्यांवर आल्यास बंद करावयाचे काय? मूल हे भांडवल नव्हे. ते आजच एक माणूस आहे आणि आजचा दिवस त्याचा आहे. परताव्याचा आकडा अर्थखात्याचे तोंड बंद करण्यासाठी जरूर वापरावा. पण आपली मागणी त्यावर उभी करू नये. ती हक्कावर उभी केली पाहिजे.

चळवळीपुढील काम

ज्या १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे केंद्र निघाले, त्याच साली डहाणू-उंबरगावच्या रानात किसान सभेच्या झेंड्याखाली, गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाने वारल्यांनी वेठीविरुद्ध उठाव केला. एकाच मुलुखात एक चळवळ बापाच्या मजुरीसाठी लढत होती आणि दुसरी त्याच्या मुलाच्या बोटांना काम देत होती. दोन्ही कामे थोर होती; वाटा मात्र वेगळ्या राहिल्या. लढणाऱ्यांनी बालवाडीला समाजसेवा मानले, आणि बालवाडीवाल्यांनी लढ्याला राजकारण मानले. ही फारकत आजतागायत टिकली आहे. सेविकांच्या मोर्चात मानधनाच्या घोषणा होतात, खेळाच्या तासाची होत नाही. बालशिक्षणाच्या परिषदांत खेळावर निबंध वाचले जातात, सेविकेच्या वेतनाचा विषय निघत नाही.

दोन्ही मागण्या वस्तुतः एकच आहेत. सेविकेला वेतनश्रेणी मिळाली नाही तर खेळाचा तास होणार नाही. आणि खेळाचा तास ही लोकांची मागणी झाली नाही तर सेविकेच्या लढ्यामागे पालक उभे राहणार नाहीत. म्हणून पक्षाच्या शाखांनी आपल्या कामात काही गोष्टी निश्चितपणे घ्याव्यात. सहा वर्षांखालील मुलांचा शिक्षणहक्क कायद्यात ‘करील’ या क्रियापदाने आला पाहिजे. प्रत्येक अंगणवाडीत केवळ शिक्षणासाठी दुसरी, प्रशिक्षित आणि शाळाशिक्षकाच्या वेतनश्रेणीतील कार्यकर्ती असली पाहिजे. काही दिवसांच्या शिबिरावर भागवण्याऐवजी पुरेशा मुदतीचे प्रशिक्षण मिळाले पाहिजे, आणि ते मुलांच्या बोलीत खेळ घेता येण्याइतके सकस असले पाहिजे. प्रत्येक वस्तीत छप्पर, पाणी आणि अंगण असलेली जागा मिळाली पाहिजे.

या मागण्या निवेदनात लिहून तहसीलदाराला देणे सोपे आहे. त्याआधीचे काम कठीण आणि अधिक मोलाचे आहे. कार्यकर्त्याने आपल्या वस्तीतील अंगणवाडीत जाऊन एक सकाळ बसावे. सेविकेचा वेळ कशात जातो ते पाहावे. पालकांना बोलावून चिंचोके आणि पाण्याचे दोन पेले त्यांच्यापुढे मांडावेत, आणि भरलेल्या वहीत जे दिसत नाही ते त्यांना त्यांच्याच मुलाच्या हातात दाखवावे. ज्या आईला ते एकदा दिसेल, ती पुढच्या मोर्चात सेविकेच्या शेजारी चालेल. शिक्षणातील समतेची लढाई विद्यापीठाच्या दारात सुरू करणारे ती उशिरा सुरू करतात. तोवर निम्मी मुले वाटेतच राहिलेली असतात.